पाटी कुठली, कीर्द कुठली

पावसाळ्यात छत्रपती संभाजीनगरात एक प्रश्न रोज कानावर येतो: ‘जायकवाडी किती टक्के?’ चहाच्या टपरीवर, रिक्षात, कचेरीत, सगळीकडे. उत्तर आकड्यात मिळते आणि तो आकडा त्या एका दिवसापुरताच खरा असतो. पंधरा ऑगस्टचा साठा कुणी वीस ऑगस्टला सांगितला, तर सांगणारा खोटे बोलत नसतो, पण ऐकणाऱ्याच्या पदरी चुकीची माहिती पडते. जायकवाडी धरणाच्या जलाशयाची, म्हणजे नाथसागराची, एकूण साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी, दरवाजे २७, पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते, लोकार्पण १९७६ साली इंदिरा गांधी यांच्या हस्ते. ही माहिती मात्र कुणी कुठल्याही दिवशी वाचली तरी चालते. धरण एकच, पण त्याच्याविषयीची माहिती दोन प्रकारची. एकीला तारखेवाचून अर्थ नाही, दुसरीचे तारखेवाचून काही अडत नाही.

वेबसाइट बांधायला बसलेल्या माणसासमोर हाच भेद पहिल्या तासाभरात येऊन उभा राहतो. जगातल्या दर पाचांपैकी सुमारे दोन वेबसाइट ज्या वर्डप्रेसवर चालतात, ते उघडले की डावीकडच्या पट्टीत ‘पोस्ट’ आणि ‘पेज’ अशी दोन कलमे दिसतात. आत गेल्यावर दोन्हीकडे तेच चित्र: वर शीर्षकाची जागा, खाली मजकुराची, कडेला प्रसिद्ध करण्याचे बटण. मग हाताला आधी लागेल ते घेतले जाते. शाळेची वेबसाइट सगळी पोस्टची होते आणि प्रवेशाचे नियम गणपतीच्या सुट्टीच्या सूचनेखाली गाडले जातात. किंवा दुकानाची वेबसाइट सगळी पेजची होते आणि तीन वर्षांपूर्वीची दिवाळी सवलत मेनूत तशीच लटकत राहते.

दुसऱ्या चुकीला बाजाराचाही हातभार आहे. लहान गावांत आणि शहरांत वेबसाइटचा भाव ‘पाच पेजची वेबसाइट, दहा पेजची वेबसाइट’ असा पेजवर सांगितला जातो. मुखपृष्ठ, आमच्याविषयी, सेवा, छायाचित्रे, संपर्क, झाली पाच. पोस्ट या मोजणीत येत नाही, म्हणून ती कशी लिहायची हे मालकाला कुणी शिकवत नाही. वेबसाइट हाती येते त्या दिवशी ती पूर्ण असते आणि तिथेच थांबते.

एकसारख्या दिसणाऱ्या या दोन बटणांमागे थोडा इतिहास आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जगातली पहिली वेबसाइट लोकांसमोर ठेवली, तेव्हा वेबवर फक्त पाने होती. एक पान दुसऱ्याकडे बोट दाखवायचे, एवढेच. तारीखवार लिहिणारे लोक नंतर आले. मॅट मुलनवेग हा अमेरिकी विद्यार्थी आणि माइक लिटल हा ब्रिटिश प्रोग्रॅमर, या दोघांनी मिशेल वाल्द्रीगी यांच्या बी-टू या मागे पडलेल्या सॉफ्टवेअरमधून वर्डप्रेस उभे केले. पहिली आवृत्ती २७ मे २००३ ला निघाली. ती अशा रोज लिहिणाऱ्यांसाठीच होती. जे लिहाल त्यावर तारीख बसणार, नवे वर चढणार, जुने खाली सरकणार. ‘मी कोण’ हे सांगायचे तरी तीही एका दिवसाची नोंद व्हायची आणि महिन्याभरात तळाशी जायची. ही अडचण फेब्रुवारी २००५ च्या १.५ आवृत्तीने सोडवली. पेज आले ते तिच्यात, आणि वेबसाइटचे रूप एका झटक्यात बदलणाऱ्या थीमही तिच्यातच आल्या. रोजनिशीचे साधन त्या दिवसापासून संस्था, दुकाने, दवाखाने यांच्याही कामाचे झाले.

तरीही आत डोकावले तर दोघांचे घर एकच आहे. डेटाबेसमध्ये पोस्ट आणि पेज एकाच तक्त्यात साठवली जातात आणि त्या तक्त्याच्या नावात शब्द आहे तो पोस्टचा. कुठली ओळ कसली आहे, हे एका रकान्यातल्या एका शब्दावरून ठरते. पुढचे सगळे फरक त्या शब्दातून निघतात. पोस्टला तारीख लागते, तिला वर्ग आणि टॅग देता येतात, ती ताज्या मजकुराच्या यादीत चढते, वाचकाला नव्या नोंदी आपोआप पोचवणाऱ्या फीडमध्ये जाते. पेज यातल्या कशातच जात नाही. त्याला वर्ग नसतो, पण आईबाप असतात: ‘अभ्यासक्रम’ या पेजच्या पोटात ‘बी. ए.’, त्याच्या पोटात ‘मराठी विभाग’, अशी उतरंड रचता येते. पोस्टला मुलेबाळे नसतात, शेजारी असतात, आधीची नोंद आणि पुढची नोंद.

शहरातल्या गुलमंडीवरच्या जुन्या पिढीच्या कापड दुकानदाराला हे समजवायला संगणक लागणार नाही. दुकानावर पाटी असते. तिच्यावर नाव, माल कसला, दुकान कधी बंद. मालकाचा मुलगा भागीदार झाला की पाटी रंगवून घेतात. आधीचे नाव पुसले गेल्याचे कुणाला वाईट वाटत नाही. आत गल्ल्याशेजारी कीर्द असते. तिच्यात दर दिवसाच्या नोंदी ओळीने चढतात. कालची नोंद चुकली तर ती खाडाखोड करून बदलत नाहीत, आजच्या तारखेला दुरुस्तीची नोंद टाकतात, कारण खाडाखोड केलेल्या कीर्दीवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि तिसरी वही म्हणजे खतावणी. कीर्दीतल्याच नोंदी तिच्यात माणसामाणसाच्या, मालामालाच्या खात्यावर उतरवलेल्या असतात. पेज ही पाटी, पोस्ट ही कीर्दीतली नोंद आणि वर्ग ही खतावणी. खतावणीसाठी वेगळा मजकूर लिहावा लागत नाही, नोंद करताना खाते बरोबर टाकले की झाले. वर्गांचे काम नेमके हेच आहे आणि वेबसाइट बांधणारे सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात तेही याच कामाकडे. शेकडो पोस्ट ‘अवर्गीकृत’ या एकाच खात्यावर पडून असलेल्या संस्थांच्या वेबसाइट कितीतरी सापडतील.

तेव्हा मजकूर मोठा की छोटा, महत्त्वाचा की किरकोळ, यावरून निवड होत नाही. विचारायचे ते एवढेच: उद्या ही माहिती बदलली, तर जुनी पुसायची की जपायची? पुसायची असेल तर पेज, जपायची असेल तर पोस्ट. हा प्रश्न किती खोल जातो, हे या शहराने गेल्या काही वर्षांत पाहिले आहे.

२४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्र सरकारची संमती मिळून औरंगाबाद शहराचे अधिकृत नाव छत्रपती संभाजीनगर झाले. विभाग, जिल्हा, तालुका यांच्या नावाची अधिसूचना मात्र त्याच वर्षी सप्टेंबरच्या मध्याला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवाच्या तोंडावर निघाली. मधले जवळजवळ सात महिने शहर एका नावाचे आणि जिल्हा दुसऱ्या नावाचा होता. त्या काळात ज्याने कुणी आपल्या ‘संपर्क’ पेजवर पत्ता दुरुस्त केला, त्याला काटेकोर राहायचे तर शहरापुढे नवे आणि जिल्ह्यापुढे जुने नाव लिहावे लागले आणि सप्टेंबरात तीच ओळ पुन्हा उघडावी लागली. पेज असेच जगते. त्यावर आजचा पत्ता हवा, कालचा असून उपयोग नाही. टपाल आज यायचे असते.

पण त्याच वेबसाइटवर २०१७ सालची पोस्ट असेल, ‘औरंगाबाद येथे राज्यस्तरीय चर्चासत्र संपन्न’, तर तिचे काय करायचे? या ठिकाणी अनेकांची गाडी घसरली. डेटाबेसमध्ये एक शब्द शोधून सगळीकडे दुसरा बसवण्याची आज्ञा एका ओळीची असते आणि ती चालवायचा मोह साहजिक आहे. ती चालवली की २०१७ च्या बातमीत २०२३ चे नाव येते. बातमीखालची तारीख आणि बातमीतले गाव यांचा मेळ बसत नाही. त्या चर्चासत्राच्या प्रमाणपत्रावर, निमंत्रणपत्रिकेवर, फोटोतल्या फलकावर वेगळेच नाव असते. वीस वर्षांनी कुणी त्या नोंदीचा दाखला घ्यायला गेला, तर त्याला ती संशयास्पद वाटेल आणि तसे वाटणे रास्तच ठरेल.

शिवाय सरसकट बदल पेजवरही चालत नाही. २०२४ च्या मे महिन्यात इथे लोकसभेसाठी मतदान झाले, ते ‘औरंगाबाद’ मतदारसंघात. मतदारसंघाचे नाव मतदारसंघांच्या पुनर्रचनेतून येते, शहराच्या नावाबरोबर ते आपोआप बदलत नाही. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तिथल्या एखाद्या शाखेचा पत्ता त्या आज्ञेने भलतीकडे जाईल. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीचे ‘ऑरिक’ हे नाव जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बनले आहे. आणि ग्रंथांची नावे तर बदलताच येत नाहीत. निजाम सरकारच्या काळात १८८४ मध्ये या जिल्ह्याचे गॅझेटियर निघाले, महाराष्ट्र शासनाची सुधारित आवृत्ती १९७७ मध्ये. संदर्भसूचीत त्यांची नावे मुखपृष्ठावर आहेत तशीच राहिली पाहिजेत.

गॅझेटियरपाशी जरा थांबले पाहिजे, कारण पोस्ट आणि पेजचा भेद सरकारी कपाटात शतकभराहून जुना आहे आणि तिथे त्याला चपखल नावे आहेत. गॅझेट म्हणजे राजपत्र. त्यात अधिसूचना तारखेने आणि क्रमाने येते, आणि एकदा आली की ती त्या तारखेची म्हणून कायम राहते. गॅझेटियर म्हणजे जिल्ह्याचे वर्णन: नद्या, पिके, लोक, इमारती, इतिहास. शहराचे नाव बदलले ते गॅझेटमधून. हे शहर मलिक अंबरने १६१० च्या सुमारास वसवले तेव्हा खडकी होते, मग फतेहनगर झाले, औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले, ही सलग हकिगत मिळते ती गॅझेटियरसारख्या ग्रंथात. छापील गॅझेटियरचे दुखणे एकच: ते पेज असूनही पुन्हा लिहिता येत नाही. १९७७ च्या आवृत्तीतल्या जिल्ह्यात जालना आहे. १ मे १९८१ ला जालना वेगळा जिल्हा झाला आणि चार वर्षांपूर्वी छापलेले वर्णन शिळे झाले. वेबवरच्या पेजला हे दुखणे नाही. म्हणूनच पाच वर्षे हात न लावलेले पेज पाहिले की वाईट वाटते. छापखान्याला जी सवलत नव्हती ती हातात असून कुणी वापरलेली नसते.

जिल्ह्यांच्या सरकारी वेबसाइट हा भेद बऱ्यापैकी पाळतात, याची नोंद घेतली पाहिजे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने सगळ्या जिल्ह्यांसाठी एकच साचा दिला आहे. त्यात ‘जिल्ह्याविषयी’, ‘पर्यटन’ ही पेजची बाजू. ‘सूचना’ या सदराखाली घोषणा, निविदा, भरती. सूचनांच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर सुरुवातीची आणि शेवटची अशा दोन तारखा असतात. शेवटची तारीख उलटली की नोंद ताज्या यादीतून उतरते आणि संग्रहात जाते. ती नष्ट होत नाही, फक्त समोरून हलते. लहान संस्थांनी उचलावी अशी ही पद्धत आहे. पानाच्या तळाशी शेवटच्या अद्यतनाची तारीख असते. पेजला तारीख लागत नाही म्हणताना ही एक तारीख मात्र लागते, ती जन्माची नव्हे, शेवटी हात कधी फिरला त्याची.

मंत्रालयातून निघणारे शासन निर्णय, लोकांच्या बोलीतले जीआर, हा पोस्टचा सर्वांत शुद्ध नमुना म्हणता येईल. प्रत्येक जीआरला तारीख आणि लांबलचक सांकेतांक असतो आणि त्या सांकेतांकाची सुरुवातच वर्ष, महिना, दिवस यांनी होते. निघालेला जीआर कुणी मागाहून बदलत नाही. चूक झाली तर शुद्धिपत्रक निघते, धोरण बदलले तर नवा जीआर निघतो आणि त्यात ‘संदर्भ’ म्हणून आधीच्यांची यादी असते. दुकानदाराच्या कीर्दीचा नियम इथे जसाच्या तसा आहे आणि तो चांगला आहे. कुठल्या दिवशी कुठला नियम लागू होता, हे कोर्टात सांगता येते.

मात्र सामान्य माणसाला कोर्टात जायचे नसते. त्याला आज शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा किती, एवढेच हवे असते. तो शोधायला बसतो आणि एकाच विषयावरचे सहा-सात निर्णय, दोन शुद्धिपत्रके आणि एक मुदतवाढ त्याच्या हाती येते. यातले सध्या लागू काय, हे त्याने स्वतः जुळवायचे. सगळी माहिती उघड आहे, तरी मिळत नाही. नुसत्या पोस्टवर चालणाऱ्या प्रत्येक वेबसाइटचा वाचक हेच सोसतो: सोसायटीच्या पाण्याच्या वेळा, क्लासची फी, वाचनालयाची वर्गणी, सगळे तारीखवार सूचनांमध्ये विखुरलेले. उपाय साधा आहे. नियम बदलला की सूचनेची पोस्ट टाकायची आणि त्याच बैठकीत ‘सध्याचे नियम’ हे पेजही दुरुस्त करायचे. पोस्टमध्ये पेजचा दुवा, पेजवर पोस्टचा. दोन्ही करायला दहा मिनिटे जास्त लागतात आणि वाचकाचे तासन्‌तास वाचतात. माहितीचा अधिकार कायद्याने २००५ मध्ये सरकारी कार्यालयांवर असेच बंधन घातले आहे. कलम ४ नुसार कार्यालयाची रचना, अधिकार, कार्यपद्धती अशा १७ बाबी स्वतःहून प्रसिद्ध करायच्या आणि दर वर्षी अद्ययावत करायच्या. कायदा सांगतो ते पेजचेच काम आहे, ‘पेज’ हा शब्द न वापरता.

सगळा मजकूर मात्र अशा दोन ढिगांत सरळ पडत नाही. पैठणची नाथषष्ठी घ्या. फाल्गुन वद्य षष्ठीला ती दर वर्षी येते, काल्याचा दिवस ठरलेला, दिंड्या ठरलेल्या. इंग्रजी तारीख मात्र दर साली वेगळी, बसगाड्यांची सोय वेगळी, नदीपात्रातल्या पाण्याची स्थिती वेगळी. काही जण दर वर्षी नवे पेज करतात आणि मेनूत एकाखाली एक साले साचत जातात. काही जण एकच पोस्ट दर वर्षी तारीख बदलून वर आणतात. त्यात गेल्या वर्षीची नोंद मरते. नीट पद्धत अशी: ‘नाथषष्ठी’ या नावाचे एकच पेज, पत्त्यात साल नाही, त्यात परंपरेची माहिती आणि वरच्या बाजूला यंदाच्या तारखेची एक ओळ. सोहळा झाला की त्या वर्षाची पोस्ट, छायाचित्रांसह. सगळ्या वर्षांच्या पोस्ट एका वर्गात आणि त्या वर्गाचा दुवा पेजच्या तळाशी. लोकांनी जतन केलेला पत्ता मग दर फाल्गुनात कामाला येतो.

वेरूळ-अजिंठा महोत्सवाला हे आणखी लागू पडते, कारण तो दर वर्षी होतोच असे नाही. बऱ्याच वर्षांच्या खंडानंतर २०२३ च्या फेब्रुवारीत तो सोनेरी महालाच्या प्रांगणात झाला. खंड पडलेल्या वर्षांत जुन्या कार्यक्रमपत्रिकेचे पेज तसेच राहिले, तर परगावचा माणूस तिकिटे काढून बसतो. लेण्यांच्या सुट्टीच्या दिवसाचेही तसेच. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद; ही माहिती प्रत्येक लॉजच्या, टॅक्सीवाल्याच्या वेबसाइटवर पेजवर ठळक हवी. एखाद्या विशेष कारणाने एका दिवसापुरते दार बंद राहणार असेल, तर ती पोस्ट. बंदचा वार एखाद्या जुन्या पोस्टच्या तिसऱ्या परिच्छेदात ठेवणे म्हणजे सोमवारी शंभर किलोमीटर प्रवास करून अजिंठ्याच्या फाटकावर पोचलेल्या कुटुंबावर अन्याय आहे.

जिथे नोंदींची संख्याच हजारोंत जाते, तिथे ‘पुसायचे की जपायचे’ हा एक प्रश्न पुरा पडत नाही. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळांच्या नोंदी पाहाव्यात. विश्वकोशातली नोंद स्वभावाने पेज आहे. नवे संशोधन झाले की सुधारायची. पण वेबसाइटवर प्रत्येक नोंदीच्या माथ्यावर प्रसिद्धीची तारीख, लेखकाचे नाव आणि विषयाचा वर्ग दिसतो, म्हणजे रूप पोस्टचे आहे. यात चूक काही नाही. एवढ्या नोंदी भूगोल, संगीत, वैद्यक अशा खात्यांवर लावायच्या तर खतावणी हवीच, आणि वर्ग पोस्टलाच मिळतात. मात्र पत्त्यात साल-महिना नाही, नुसता अनुक्रमांक आहे, त्यामुळे नोंद सुधारली तरी पत्ता जुनाट वाटत नाही. पोस्टचे रूप घेऊन पेजचे काम करायचे तर ते असे.

मायबोली या १९९६ पासूनच्या मराठी वेबसाइटने वेगळीच वाट काढली. तिथे लेखनाचा धागा वेगळा आणि ‘वाहते पान’ वेगळे. वाहत्या पानावर गप्पा होतात, नवे आले की जुने वाहून जाते. जपायचे नाहीच हे आधीच ठरलेले. पोस्ट आणि पेज या दोन्ही शब्दांत न मावणारा तिसरा प्रकार मराठी माणसांनी पाहिला आणि त्याला मराठीत नाव दिले, ही कौतुकाची गोष्ट आहे. विकिपीडियाने पेजचीच ताकद वाढवली. तिथे प्रत्येक पानाच्या डोक्यावर ‘इतिहास पहा’ असते, पुसलेले सगळे वाचकाला पाहता येते. वर्डप्रेसही पेजच्या आधीच्या आवृत्त्या ठेवते, पण त्या दिसतात आतल्या संपादकाला, बाहेरच्या वाचकाला नाहीत.

पैठणी विकणाऱ्याचा प्रश्न याहून सोपा आहे. प्रत्येक साडी ना पोस्ट ना पेज. २०१० च्या ३.० आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये स्वतःचे प्रकार बनवता येतात. ऑनलाइन दुकानाच्या प्लगइनमधला ‘प्रॉडक्ट’ हा तसाच एक प्रकार, त्याच तक्त्यातला. किंमत, रंग, काठ, शिल्लक नग यांचे रकाने त्याला जोडता येतात. पंचवीस साड्यांची पंचवीस पेज करून बसलेल्या दुकानदाराने आधी इकडे वळावे.

गूगलविषयी एक समजूत फार पसरली आहे, की गूगलला पोस्ट आवडतात म्हणून सगळे पोस्टमध्येच टाकावे. पोस्ट की पेज हे ठरवणारा डेटाबेसमधला रकाना शोधयंत्राला दिसत नाही. त्याला दिसतो पत्ता, मजकूर आणि त्या पत्त्याकडे येणारे दुवे. २०२० पासून वर्डप्रेस शोधयंत्रांसाठी जो नकाशा स्वतः बनवते, त्यात पोस्ट आणि पेज दोन्ही असतात. पोस्टवाल्या वेबसाइट वर दिसतात त्या नेमाने लिहिल्या जातात म्हणून. जुन्या पोस्टची तारीख आजची करून ती ताजी असल्याचे भासवणे हा तर वाचकाचा उघड विश्वासघात आहे.

पत्त्याची गोष्ट मात्र खरोखर महत्त्वाची आहे आणि ती पहिल्या दिवशीच ठरवायची असते. पोस्टच्या पत्त्यात साल-महिना ठेवावा का? बातम्या देणाऱ्याने जरूर ठेवावा. पाककृती, वैद्यकीय माहिती, प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने टाळावा. बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवले होते की चांगले पत्ते आपणहून बदलत नसतात, माणसे ते बदलतात. पत्त्यात साल नसले की आणखी एक सोय होते: पोस्ट म्हणून टाकलेला मजकूर पेज असायला हवा होता हे दोन वर्षांनी लक्षात आले, तरी प्रकार बदलणाऱ्या छोट्या प्लगइनने तो एका टिचकीत बदलतो आणि पत्ता तोच राहतो. साल असेल तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवणारी कायमची पाटी लावावी लागते. ती विसरली की बाहेरून आलेला वाचक ‘पान सापडले नाही’ या भिंतीवर आदळतो.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक खास अडचण येते. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता स्वतः बनवते. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, काना असो वा हलन्त, पत्त्यात नऊ रोमन खुणांचे होते आणि त्या भागाला जागा आहे २०० खुणांची. ‘छत्रपती संभाजीनगर’ या नावात अशी सोळा चिन्हे आहेत. मधली आडवी रेघ धरून त्यातच १४५ खुणा संपतात; पुढे ‘पर्यटन’ हा शब्द जेमतेम मावतो, ‘पर्यटनस्थळे’ म्हटले की शेपूट तुटते. म्हणून शीर्षक मराठीत हवे तेवढे मोठे असू द्यावे, पत्ता तेवढा स्वतः लिहून रोमनमध्ये आखूड ठेवावा. पेजच्या बाबतीत हे अधिक जपावे, कारण पेजचा पत्ता व्हिजिटिंग कार्डावर छापला जातो, फोनवर तोंडी सांगितला जातो.

मुखपृष्ठावर काय हवे, याचा निकाल वेबसाइट कशासाठी आहे त्यावर लागतो. वाचन-मांडणीच्या सेटिंगमध्ये दोन पर्याय असतात: ताज्या पोस्टची यादी, किंवा एक ठरलेले पेज. वृत्तपत्राने पहिला घ्यावा. दवाखाना, वसतिगृह, मंगल कार्यालय यांनी दुसरा घ्यावा आणि त्या पेजच्या एका कोपऱ्यात शेवटच्या तीन पोस्टची शीर्षके दाखवावीत. दुसऱ्या पर्यायात एक धोका आहे: कोपऱ्यातली सर्वांत ताजी पोस्ट दीड वर्षापूर्वीची असेल तर दवाखाना बंद पडला की काय अशी शंका येते. नेमाने लिहिणे होणार नसेल, तर तो कोपरा काढून टाकलेला बरा. चार नीट पेजची वेबसाइट ही काही कमी प्रतीची वेबसाइट नव्हे.

पुसायचे की जपायचे, हा प्रश्न या शहरासमोर पुन्हा आला: ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनचेही नाव बदलले. स्टेशनचा संकेत पूर्वी ‘एडब्ल्यूबी’ होता, आता ‘सीपीएसएन’ आहे. चिकलठाण्याच्या विमानतळाचा संकेत ‘आयएक्सयू’ तोच राहिला आहे. शहरातल्या प्रत्येक लॉजच्या, महाविद्यालयाच्या, परिषदेच्या वेबसाइटवर ‘कसे यावे’ नावाचे एक पेज असते आणि त्यात रेल्वेची एक ओळ असते. ती ओळ आज उघडून पाहावी. तिकीट काढणारा माणूस तीच पाहून संकेत टाकतो. २०१८ च्या संमेलनाचे वृत्त सांगणाऱ्या पोस्टमध्ये पाहुणे ‘औरंगाबाद स्टेशनवर उतरले’ असे असेल, तर ते तसेच राहू द्यावे. ते तिथेच उतरले होते.